परबावर उगवलेला सूड

चहा आधी घेऊन टाका. ही गोष्ट सांगताना मी मध्येच थांबतो, आणि माझ्या थांबण्यात तुमचा चहा गार व्हायला नको. थांबतो ते लाजेनं. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, त्याचं काही नाही. पण इतका ठरवून, तीन दिवस मेहनत घेऊन, शुद्धलेखन तपासून केलेला मूर्खपणा हा एकच!

मी सूड घेतला हो. सूड! मी, दिलीप कर्णिक, वय वर्षं चौसष्ट, राहणार मुलुंड पूर्व, रक्तदाबाची गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. असल्या माणसानं सूड घ्यायचा म्हणजे फार तर सोसायटीच्या मीटिंगला जायचं नाही. पण मला अवकाशयानातल्यासारखा सूड हवा होता.

आणि घेतला कुणावर? परबावर!

परब आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर. भांडुपच्या एका कारखान्यात फोरमन होता. रिटायर झाला तरी आवाज फोरमनचाच राहिला. जिन्यात नुसतं 'काय रे' म्हणाला तरी चौथ्या मजल्यावरची दारं उघडतात. मूळ मालवणकडचा. एरवी आपल्यासारखंच बोलतो, पण चिडला किंवा गहिवरला की गाडी थेट मालवणीत. त्याची बायको फार पूर्वीच गेली. घरात तो आणि मुलगी प्राची. ती अंधेरीला नोकरी करते.

माझी शोभा गेली त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगा परदेशात. तो आला, पंधरा दिवस राहिला, फ्रीजवर औषधांच्या वेळा चिकटवून गेला. आठवडा कसातरी ढकलायचो. बँक, भाजी, दळण. पण रविवार! रविवारी जेवून ताट धुतलं की पुढे संध्याकाळपर्यंत काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. खुर्चीत बसून समोरचं कॅलेंडर बघायचो. दोन महिने एकच पान बघत होतो, हेही नंतर कळलं.

अशाच एका रविवारी चार वाजता बेल वाजली. दारात परब.

"दिल्या, खाली चल. प्राचीनं टीव्हीवर काहीतरी परदेशी लावून दिलंय. अवकाशातलं. मला एकट्याला झेपत नाही."

"मग मला काय झेपणार?"

"दोघांना मिळून झेपणार नाही. चल!"

अशी ती मालिका आमच्या आयुष्यात आली. नाव सांगत नाही. शेवट फोडण्याबद्दल माझी आधीच पुरेशी बदनामी झालीय. हिंदीतून बोलायची, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता. एक अवाढव्य यान. आत हजारो माणसं झोपलेली, नव्या ग्रहावर पोहोचल्यावर उठायची. पहिल्याच भागात यानाच्या कप्तानाचा खून होतो. खुनी यान बळकावतो. आणि कप्तानाचा उजवा हात असलेला माणूस शपथ घेतो, याचा सूड घेईन! त्यासाठी तो काय करतो? खुन्याच्याच पदरी नोकरी धरतो. वर्षानुवर्षं. मान खाली घालून.

त्यांची नावं आमच्या तोंडात बसेनात. मग परबानं बारसं केलं. कप्तान म्हणजे तांडेल, "कारण यान म्हणजे शेवटी गलबतच." खुनी म्हणजे खवीस. आणि तो उजवा हात, तो नुसताच उजवा.

उजव्यावरून आमची काय भांडणं व्हायची! मी म्हणायचो, "परब, वीस वर्षं खवीसाचं मीठ खाल्लंय त्यानं. तो फिरणार."

"उजवो फिराचो नाय!" परब गुडघ्यावर थाप मारायचा. "माणूस वरून कसाही दिसू दे. आत इमान असतं ते असतं."

मी आठवडाभर मुद्दे जमवायचो. पोळ्या विकत आणताना, दुधाच्या रांगेत, डोक्यात उजवा. मुलाचा फोन आला की त्याला सांगायचो. तो म्हणाला, "बाबा, तुमचा आवाज बरा वाटतोय." काय सांगू त्याला? की एका काल्पनिक माणसाच्या इमानाची मला काळजी लागून राहिलीय?

आमचा नियम एकच. एकट्यानं पुढचा भाग बघायचा नाही. बघेल तो गद्दार. परबानं चहाच्या कपावर हात ठेवून शपथ घेतली होती. मीही घेतली.

वर्षभर छान चाललं. मग मला संशय यायला लागला.

झालं काय, एका भागात यानाचा मागचा दरवाजा उघडतो. आवाज नाही, संगीत नाही. एक माणूस हळूच बाहेर अंधारात ढकलला जातो. आणि तो ढकलला जायच्या आधी, लक्षात घ्या, आधी, परब म्हणाला, "अरेरे, बिचारा!"

मी वळून बघितलं. "तुला कसं कळलं?"

"काय?"

"तो मरणार ते."

"अंदाज रे," असं म्हणून त्यानं चहाकडे हात नेला आणि कप पाडला. आता सांगा, निर्दोष माणसाच्या हातून कप पडतो का?

त्या दिवसापासून मी मालिका बघायची सोडून परबाला बघायला लागलो. आणि पुरावेच पुरावे! एक म्हणजे तो माझ्या डोळ्याला डोळा देईना. मी समोर बसलो की मान तिरकी करून माझ्या कानाकडे बघून बोलायचा. दुसरं, कॅरम सोडला. तीस वर्षं सोसायटीच्या हॉलमध्ये राणी घेतल्याशिवाय घरी न जाणारा माणूस म्हणतो, "मन लागत नाही." तिसरं, माझ्या मेसेजना उत्तर देणं बंद. आणि चौथं तर हद्द! स्टेशनजवळच्या भाजीवाल्यांपाशी तो समोरून आला. मी हात केला. चांगला उंच करून केला, हातात मेथीची जुडी होती ती हलवली. हा माझ्या तोंडासमोरून सरळ पुढे निघून गेला! मेथीवाली म्हणाली, "ओळखत नाय वाटतं."

मी ती जुडी पिशवीत टाकली आणि घरी आलो.

तरी मी म्हणत होतो, नसेल, नसेल. मग एका शनिवारी संध्याकाळी त्याचा डबा परत द्यायला खाली उतरलो. दार अर्धवट उघडं होतं. आतून प्राचीचा आवाज.

"म्हणजे उद्याच्या भागात तांडेलची मुलगी जिवंत सापडते. शेवटी ती एकटीच काचेजवळ उभी असते, काही बोलत नाही. लक्षात ठेवा बाबा."

"काचेजवळ. बरं."

"बाबा, काकांना कळलं तर?"

आणि परब हसला. "त्याका काय कळता? मी त्याच्यासमोर झकास अॅक्टिंग करतो!"

डबा दाराबाहेर ठेवला आणि वर आलो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? अहो, एवढीशी कुठे? माझ्या सबंध आठवड्यात ते दोनच तास होते! त्या दोन तासांसाठी मी शनिवारी दाढी करायचो. आणि हा माणूस सगळं आधी बघून, माझ्या शेजारी बसून, मला मूर्ख बनवत होता. मला वाटलं, कंटाळला असेल. विधुर माणसाला सांभाळायचा कंटाळा येतोच. रविवारी याला दोन तास बसवायचं, चहा पाजायचा, की सुटलो. हा विचार आला आणि मग रागाला काही धरबंदच राहिला नाही.

मी ठरवलं. उजव्यासारखा सूड! थंड डोक्यानं.

रविवारी 'ताप आहे' म्हणून कळवलं आणि मंगळवारपासून मालिकेचे उरलेले सगळे भाग एकट्यानं बघायला बसलो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये वरणभात. तुम्हाला खरं सांगू? इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. उजव्यानं काही केलं की मी सवयीनं शेजारी वळून म्हणायचो, "बघ, सांगितलं होतं ना!" शेजारी उशी.

गुरुवारी शेवटचा भाग संपला. उजवा फिरला होता! त्यानं यानाचे दरवाजे उघडून खवीसाला आत घेतलं आणि तांडेलच्या मुलीला त्याच्या ताब्यात दिलं. पडद्यावर नावं सुरू झाली. मी टीव्ही बंद केला. जिंकलो होतो!

शुक्रवारी सकाळी मेसेज लिहायला बसलो. एका बोटानं, दोन तास. ऐका.

"परब, तू विश्वासघातकी आहेस. चहाची शपथ घेऊन तू मागल्या दारानं पुढचे भाग बघितलेस. आता शेवट माझ्याकडून ऐक. तुझा लाडका उजवा फिरतो. कप्तानाच्या यानाचे दरवाजे उघडून खवीसाला आत घेतो. तांडेलच्या मुलीला त्याच्या हवाली करतो. संपली मालिका. तूही तसलाच निघालास. यापुढे जिन्यात दिसलो तरी ओळख दाखवू नकोस. तशीही दाखवत नाहीसच."

खाली ते रागानं लाल झालेले चेहरे असतात ना फोनमध्ये? ते सात टाकले. 'विश्वासघातकी'ची वेलांटी दोनदा तपासली. आणि पाठवला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही खुणा निळ्या झाल्या. वाचला! मी उठून शिरा केला. साजूक तुपातला. शोभा गेल्यापासून पहिल्यांदा. थोडा खाली लागला, पण खाल्ला.

उत्तर आलं नाही. संध्याकाळपर्यंत नाही. शनिवारी नाही. सूड घेतल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्या मालिकेत कुठे दाखवलं नव्हतं. मी परत कॅलेंडरसमोर बसलो.

रविवारी चार वाजले. सव्वाचार. चार वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली. प्राची. एकटीच. चेहरा असा, की मी 'ये' म्हणायचं विसरलो.

"काका, एक विचारू? बाबांनी तुमचं काय वाईट केलंय?"

"तो आधी भाग बघतो!" मी म्हटलं. बोलताना मलाच ते जरा लहान वाटलं. "मी ऐकलंय. तू त्याला सांगत होतीस, काचेजवळ का काय ते."

"बघत नाहीत काका. बघू शकत नाहीत." ती दाराच्या चौकटीला टेकली. "त्यांच्या डोळ्यांचा पडदा गेलाय. दोन्ही. मधलं काहीच दिसत नाही, नुसतं कडेकडेचं दिसतं. समोरच्याचा चेहरा दिसत नाही. टीव्हीवर जिथे माणसं बोलतात तिथे आवाजावरून कळतं, पण गप्प असतात तिथे काय? म्हणून मी सगळे भाग आधी बघून शनिवारी त्यांना सांगून ठेवते. का, तर तुमच्या शेजारी बसून बरोबर ठिकाणी 'अरेरे' म्हणता यावं."

माझ्या डोक्यात तिरकी मान, सांडलेला चहा, मेथीची जुडी, सगळं एकदम आलं आणि एकमेकांवर आदळलं.

"आणि मेसेज?" मी विचारलं. "तो त्यानं कसा वाचला?"

"फोननं वाचला," प्राची म्हणाली. "मीच तशी सोय करून दिलीय. मेसेजवर बोट ठेवलं की फोन मोठ्यानं वाचतो. शुक्रवारी आम्ही घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो. बाबांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, मी औषधं आणायला खाली गेलेले. तेवढ्यात तुमचा मेसेज. बाबा खूश. म्हणे दिल्याचा मेसेज, आणि ठेवलं बोट. आवाज पूर्ण मोठा. समोर वीस पेशंट."

"सगळा वाचला?"

"सगळा. त्यांना बंद करता येईना. ती बाई कशी वाचते ठाऊक आहे ना? रेल्वेच्या घोषणेसारखं, एकसुरी. 'परब. तू. विश्वासघातकी. आहेस.' मी वर आले तेव्हा शेवटचं चाललं होतं. 'रागानं लाल झालेला चेहरा. रागानं लाल झालेला चेहरा. रागानं लाल झालेला चेहरा.' सात वेळा काका! कोपऱ्यातले एक गृहस्थ उठून उभे राहिले, 'अहो, मी अजून चौथ्या भागावर आहे!' आणि बाबांच्या शेजारच्या आजी विचारत होत्या, 'कोण हो हा मेला?'"

"मग? परब काय म्हणाला?"

प्राची म्हणाली, "म्हणाले, माझा मित्र आहे. बायको गेली त्याची. जरा चिडतो."

आता मी थोडा थांबतो. तुम्ही घ्या, अजून अर्धा कप घ्या.

खाली गेलो. चपला घातल्या नव्हत्या, हे जिन्यात कळलं. परब सोफ्यावर त्याच्या जागी बसला होता. टीव्ही बंद. मला वाटलं ओरडेल, त्याचा हक्कच होता. मी समोर उभा राहिलो. त्यानं मान तिरकी केली.

"दिल्या ना? पायांवरून ओळखलं. अनवाणी का फिरतोयस मेल्या, सर्दी होईल."

"मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. माफी मागायला आलो होतो आणि तोंडातून हे!

"सांगून काय झालं असतं? तू म्हणाला असतास, 'नको रे, डोळ्यांना त्रास कशाला.' आणि यायचा बंद झाला असतास. वर जाऊन बसला असतास त्या कॅलेंडरसमोर. मला काय ते यान आवडतं होय? मला नाटकं आवडतात, दशावतार आवडतो. तुला घरातून काढायला काहीतरी पाहिजे होतं."

"परब, माझं चुकलं रे. माफ कर."

"गप रव," तो म्हणाला. मग त्यानं हळूच विचारलं, "पण खरंच फिरलो काय रे उजवो?"

प्राची माझ्यामागून आत आली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही शेवटचा भाग पूर्ण बघितलात?"

"नावं येईपर्यंत."

"नावांनंतर अजून दहा मिनिटं आहेत. उजव्यानं मुद्दाम खवीसाला आत घेतलेलं असतं. मुलीला सगळं माहीत असतं. खवीस आत आल्यावर तो मागचा दरवाजा बंद करतो आणि स्वतःसकट सगळा तो भाग यानापासून तोडून टाकतो. मुलगी आणि झोपलेली माणसं वाचतात."

परबानं गुडघ्यावर थाप मारली नाही. नुसता म्हणाला, "सांगलंय ना मी." आणि चष्मा काढून बनियनला पुसला. त्या चष्म्याचा आता काही उपयोग नाही, पण घालतो.

डॉक्टरांनी सांगितलंय, गेलं ते परत येत नाही. उरलंय ते किती दिवस, तेही माहीत नाही. मी विचारायला स्वतः घाटकोपरला जाऊन आलो. तिथल्या बाईंनी मला माझं नाव विचारलं. मी दुसरंच सांगितलं.

मग मी ठरवलं, आता प्राचीला त्रास नाही. पडद्यावर जे घडेल ते मी परबाला शेजारी बसून सांगणार. नवी मालिका लावली. भविष्यातलं, समुद्राखालचं शहर वगैरे. पहिल्या रविवारी मी जीव तोडून सांगितलं. कोण आलं, कुठल्या रंगाचे कपडे, तोंड कसं केलं. परब वैतागला. "रंग नको सांगू रे, खून कुणी केला ते सांग!" पण जमलं. घरी गेलो तर घसा बसलेला. बरं वाटलं. वाटलं, थोडं तरी फेडतोय.

दुसऱ्या रविवारी प्राचीनं जेवायलाच बोलावलं. कोंबडी-वडे. मी पाच वडे खाल्ले. चारला मालिका सुरू केली. परब सरसावून बसला. मी म्हटलं, "पाण्याखाली अंधार आहे. एक माणूस दिवा घेऊन चाललाय. चाललाय..."

डोळे उघडले तेव्हा माझ्या अंगावर पांघरूण होतं. परब तसाच टीव्हीकडे तोंड करून ताठ बसलेला. पडद्यावर नावं सरकत होती.

"संपला?" मी दचकून विचारलं.

"आत्ताच."

"अरे, मग उठवायचं नाहीस का मला?"

"कशाला? तुझी झोप हल्ली झालेली नसते, चालण्यावरून कळतं." त्यानं आवाज बारीक केला होता, तो वाढवायला रिमोट चाचपत राहिला. "अवघड काही नव्हतं. तो दिवेवाला दुसऱ्या दारानं आत शिरला, दार जड होतं. मग दोन माणसं आली, एक लंगडा. त्या बाईनं त्यांना खोटं सांगितलं, तिचा श्वास बदलला ना तेव्हाच मी म्हटलं..."

असं त्यानं मला अख्खा भाग सांगितला. पहिल्यापासून. मी पांघरुणात बसून मान डोलवत होतो, डोलवत होतो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मान डोलवलेली त्याला दिसत नाही. मी घाईघाईनं मोठ्यानं म्हटलं, "हां!"

परब थांबला.

"हां काय? ऐकतोयस, की परत झोपलास?"